कोंबडीच्या माना, तारली आणि भाकरी: कुत्र्याला कच्चा आहार कसा सुरू करावा

कुत्र्याला कच्चं मांस घालायचं मनावर घेतलं की माणूस मोबाईल काढतो. तिथं त्याला भेटतात गाईच्या बरगड्या, टर्कीच्या माना, हरणाचं मांस, ससा. यातलं काय मिळणार बेळगावच्या, निपाणीच्या नाहीतर खानापूरच्या बाजारात? कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्यानं गाय, बैल, वासरू कापायला बंदी आहे, म्हशीलाही तेरा वर्षं वयाची अट आहे. तेव्हा तो रस्ता आपल्यासाठी नाहीच. मग दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, हे श्रीमंतांचं काम म्हणून सोडून देणारी. दुसरी, रोज कोंबडीचे पाय टाकून आमचा कुत्रा रॉ डाएटवर आहे असं सांगणारी. पहिल्यांचं फारसं बिघडत नाही. दुसऱ्यांच्या कुत्र्याचं बिघडतं.

आपल्या भागात स्वस्तात आणि नीट आहार देता येतो. कोंबडी, अंडी, शेळी-मेंढीचं आतलं सामान, कारवार-गोव्याकडून येणारी तारली मासळी, वर थोडी भाकरी नि भाजी, एवढ्यावर भागतं. पण यातलं सगळंच कच्चं घालायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काय कच्चं आणि काय शिजवून, ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. बाकीचा हिशेब मग सोपा आहे.

सुरू करण्याआधी

पशुवैद्यकांच्या मोठ्या संघटना, अमेरिकेतली एव्हीएमए काय किंवा जागतिक पातळीवरची डब्ल्यूएसएव्हीए काय, कच्च्या आहाराची शिफारस करत नाहीत. कारण सरळ आहे: कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, ई. कोलाय असतात. धडधाकट कुत्र्याला ते बऱ्याचदा पचतात, पण त्याच्या तोंडातून, शीतून, ताटलीतून ते घरात येतात. म्हणून घरात रांगतं मूल असेल, गरोदर बाई असेल, केमो चालू असलेलं किंवा फार थकलेलं माणूस असेल, तर कच्चं सुरू करूच नका. याच यादीतल्या वस्तू शिजवून घाला (हाडं मात्र वगळून, त्यांच्याऐवजी काय ते पुढं आहे). त्यात काही कमीपणा नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लावरही पहिला प्रयोग करू नये. वाढत्या हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरसचा मेळ फार काटेकोर लागतो, तो चुकला की पाय वाकतात. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याचं डॉक्टरांना विचारूनच. आणि कुत्रा कुठलाही असो, एकदा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन वजन करून घ्या, जंताचं औषध द्या, रेबीजची लस राहिली असेल तर तीही. पुढचा सगळा हिशेब वजनावरच चालतो.

हिशेब

मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न लागतं. घरात लोळणाऱ्याला दोन, शेतावर हुंदडणाऱ्याला तीन. मुधोळ हाउंड, म्हणजे आपल्याकडचा कारवानी, जातीनंच सडसडीत असतो, त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून जास्त घालत सुटू नये.

त्या अन्नाचे भाग असे: शंभरातले ऐंशी मांस, दहा हाड, दहा आतले अवयव. अवयवांतले पाच काळीज (म्हणजे यकृत), उरलेले पाच गुर्दा, तिल्ली असं काही. पेटा (कोंबडीची दाणे दळणारी पिशवी) आणि हृदय अवयवात धरायचे नाहीत. ते स्नायू आहेत, त्यामुळं मांसात धरा. इथं नवी माणसं हमखास घसरतात: कलेजी-पेटा एकत्र मिळतो म्हणून दोन्ही अवयव समजून मोजतात, आणि कुत्र्याला काळीज अर्धंच पोचतं.

हाड एवढं महत्त्वाचं का? मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. नुसतं मांस खाऊन राहिलेल्या कुत्र्याचं शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला स्वतःच्या हाडांतून ते काढत राहतं, आणि हाडं पोकळ होत जातात. उलट काळीज जास्त झालं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, तोही सांध्यांवर येतो. म्हणून प्रमाण. मात्र ते रोजच्या रोज जुळलं पाहिजे असं नाही. आठवड्याच्या बेरजेत जुळलं तरी मोठ्या कुत्र्याला चालतं. एखाद्या दिवशी हाड नाही, एखाद्या दिवशी मासेच, असं झालं तरी घाबरायचं कारण नाही.

हाड द्यायचंच नसेल, किंवा कुत्रा न चावता गिळणारा असेल, तर अंड्याची टरफलं. धुवून, उन्हात वाळवून, तव्यावर थोडी गरम करून मिक्सरला पीठ करा, अगदी मैद्यासारखं, टोचणारा कण राहू नये. बिनहाडाच्या अर्धा किलो मांसाला अर्धा चमचा, आपला चहाचा चमचा. खानापूर, चंदगडकडची मंडळी सांगतात, नाचणीची आंबील घाला, कॅल्शियम मिळतं. नाचणीत ते इतर धान्यांपेक्षा खूपच आहे, हे खरं, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण टरफलाच्या एका चमचा पिठात दोन हजारांच्या घरात असतं. आंबील जरूर घाला, तिच्यावर हाडांचा भार टाकू नका.

बाजारात काय मागायचं

स्वस्ताईचं सगळं मर्म इथं आहे. माणसं ज्यासाठी पैसे मोजतात ते लेगपीस, बोनलेस, चाप. कुत्र्याच्या कामाचं बरंचसं सामान त्याच ओट्यावर बाजूच्या घमेल्यात पडलेलं असतं: माना, पाय, पाठीचा सांगाडा, पेटे, हृदयं. यांचा भाव ब्रॉयलरच्या भावापेक्षा बराच खाली असतो आणि ओळख झाली की आणखी उतरतो.

दुकान बदलत फिरू नका. एकच धरा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा: “मामा, उद्या अर्धा किलो माना आणि किलोभर पेटा बाजूला काढा, कुत्र्याला पायजेत.” कुत्र्याला म्हटल्यावर काही ठिकाणी कालचं, वास मारणारं बांधून देतात. म्हणून डबा आपला न्यावा, समोर भरून घ्यावा, आणि नाकाजवळ धरून बघावा. ताजा पेटा गडद लाल, घट्ट आणि कोरडसर असतो. बुळबुळीत झाला असेल, कडा हिरवट दिसत असतील, तर परत. पेटा फोडून आतलं पिवळं सालपट काढलेलं आहे ना तेही बघा. राहिलं असेल तर घरी नखानं ओढलं की अख्खं निघतं.

रविवारी सकाळी गर्दी असते, दुकानदाराला बोलायला वेळ नसतो, पण दुपारी बाराच्या पुढं त्याच्याकडं माना-पायांचा ढीग साठलेला असतो आणि त्याला तो संपवायचा असतो. तीच आपली वेळ. उन्हाळ्यात मात्र दुपारपर्यंत उघड्यावर राहिलेलं घेऊ नये, त्या दिवसांत सकाळीच जा.

लेयर कोंबडी, म्हणजे अंडी देऊन थकलेली, स्वस्त मिळते. तिचं मांस चालतं, हाड नको. वय झालेल्या पक्ष्याची हाडं कडक आणि टोकदार फुटतात. मोठ्या गावरान कोंबड्याचंही तसंच. कच्च्या हाडासाठी कोवळा ब्रॉयलर हाच बरा. शेळी-मेंढीची नळी, मांडीचं जाड हाड चघळायला म्हणून देतात, आणि कुत्र्याची दाढ चिरते. ती दुखणारी दाढ काढायला जो खर्च येतो त्यात महिनोन्महिन्यांचं चिकन येईल.

आणि शिजवलेलं हाड कधीच नाही. रविवारच्या रश्श्यातलं नाही, खानावळीतून बांधून आणलेलं नाही, तंदुरीचं तर मुळीच नाही. कच्चं कोवळं हाड चावलं की चुरडतं, शिजवलेलं सुईसारखं फुटतं. शिवाय रश्श्यात कांदा-लसूण असतो, आणि कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

काळीज, फुफ्फुस आणि पाण्याचे फोड

इथं जरा थांबून वाचा, कारण आपल्या भागात याबद्दल पुरेसं कुणी बोलत नाही.

मटणाच्या दुकानात बकऱ्याचं किंवा मेंढीचं फुफ्फुस अगदी स्वस्तात मिळतं, कधी फुकटही. ते घरी आणून ओट्यावर ठेवा आणि बोटांनी चाचपत जा. निरोगी फुफ्फुस स्पंजासारखं दबतं, गुलाबी असतं. दबता दबता मध्येच लिंबाएवढी घट्ट गोळी लागली, कापल्यावर पांढऱ्या जाड सालीचा फोड निघाला आणि आत स्वच्छ पाणी असलं, तर तो हायडॅटिडचा फोड असण्याची दाट शक्यता आहे. काळजातही असे फोड असतात. कधी ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत.

हा फोड होतो तो एकायनोकोकस नावाच्या फितकृमीमुळं. त्याचा फेरा असा: फोड असलेलं काळीज-फुफ्फुस कुत्र्यानं कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात बारीक बारीक कृमी वाढतात. कुत्रा आजारी दिसत नाही, उड्या मारतो, खातो. पण त्याच्या शीतून अंडी बाहेर पडत राहतात. ती गवतावर, केसांवर, जमिनीवर. गवतातून मेंढीच्या पोटात जातात आणि पुन्हा फोड. माणसाच्या, विशेषतः कुत्र्याच्या गळ्यात पडणाऱ्या लेकराच्या हातातून तोंडात गेली, तर तसाच फोड माणसाच्या यकृतात नाहीतर फुफ्फुसात. तो वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाच करावी लागते. आपल्याकडं सुगीनंतर शेतात मेंढरं बसवतात, कळपासोबत कुत्री असतात, गावोगावी मटणाच्या दुकानामागं भटकी कुत्री असतात. या फेऱ्याला लागतं ते सगळं इथं आहे.

न्यूझीलंड हा मेंढ्यांचा देश. तिथंही हा रोग होता. कुत्र्यांना कच्चं आतलं सामान घालणं थांबवून आणि जंतांची औषधं नेटानं देऊन त्यांनी तो जवळजवळ घालवला; २००२ मध्ये देश तात्पुरता रोगमुक्त म्हणून जाहीर झाला. म्हणजे उपाय अवघड नाही, तो प्रत्येक घरानं पाळायचा असतो एवढंच.

तेव्हा नियम: शेळी-मेंढीचं काळीज, फुफ्फुस, गुर्दा, तिल्ली, वजडी, जे काही पोटातलं आहे ते लहान तुकडे करून उकळी आल्यापासून अर्धा तास शिजवायचं. मीठ, मसाला काही नाही. उकळलेलं पाणी फेकू नका, गार करून थोडं थोडं जेवणावर घाला. फोड दिसला तर तो तुकडा कुत्र्याला नाहीच, उकिरड्यावरही नाही. जाळा किंवा खोल पुरा, भटकी कुत्री उकरणार नाहीत इतका खोल.

पुष्कळ ठिकाणी वाचाल की आठवडाभर गोठवलं की कृमी मरतात. उणे वीस अंशांवर सलग गोठवलं तर मरतात, खरं आहे. पण एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नाही, आणि पावसाळ्यात वीज चार-पाच तास गेली की सगळंच पाणी. माझा त्याच्यावर भरवसा नाही. पातेलं आणि अर्धा तास यांच्यावर आहे.

शिवाय जंतांचं औषध दर तीन महिन्यांनी. डॉक्टरांना सांगून प्राझिक्वांटेल असलेलंच घ्या. नुसत्या गोल जंतांच्या औषधानं हा फितकृमी जात नाही. डुकराचं मांसही कच्चं नको, कितीही स्वस्त असलं तरी.

मग कच्चं उरलं काय? कोंबडी. मांस, हाड, पेटा, हृदय, काळीज, सगळं. बर्ड फ्लूची बातमी आली की तीही शिजवून, हाडांशिवाय, टरफलाच्या पिठासोबत.

मासे

तारली ही आपल्याला लाभलेली चीज. स्वस्त, तेलकट, कोंबडीत फारसं नसलेलं ओमेगा-३ तिच्यात भरपूर. पण कच्च्या तारलीत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. शिजवलं की ते निकामी होतं. म्हणून डोक्यासकट कुकरला चार-पाच शिट्ट्या. बाहेर काढून मधला काटा चिमटीत धरून चुरून बघायचा, सहज चुरला तर अख्खी द्यायची, नाही तर काटा काढून. बांगडा असेल तर मोठा काटा काढाच. हिडकल धरणातली, घटप्रभेतली चिलापी, कटला मिळते तीही चालते, पण काटे वेचायला वेळ ठेवा. सुकट आणि सुका बोंबील नको, मीठ फार.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशीच सगळं ताटात मांडू नका. आत्तापर्यंत डाळ-भात, भाकरी-दूध किंवा पाकिटातलं खाणाऱ्या पोटाला वेळ लागतो.

पहिले तीन-चार दिवस नेहमीच्या जेवणात मूठभर बिनहाडाचं चिकन, वाटल्यास कोमट पाण्यात बुडवून काढलेलं. काही कुत्री कच्च्याकडं बघतही नाहीत, वास घेऊन निघून जातात. त्यांच्यासाठी तव्यावर नुसतं बाहेरून परतून द्या आणि रोज थोडं कमी परता. पोट ठीक राहिलं की जुनं जेवण निम्म्यावर आणा आणि पेटा सुरू करा. पेटा आधी बारीक कापून, मग मोठा. चावायला लावणारी चीज आहे.

दुसऱ्या आठवड्यात पहिली मान. कुत्रा दमलेला आणि भुकेनं वखवखलेला असताना देऊ नका, शेजारी दुसरं कुत्रं नको. मानेचं एक टोक तुम्ही हातात धरा आणि दुसरं त्याला चावू द्या. तो मागच्या दाढांकडं नेतो, मान तिरकी करतो, कुडुम् कुडुम् असा बारीक आवाज येत राहतो. हा आवाज ऐकू येईपर्यंत हात सोडायचा नाही. आवाजच न येता ओढाओढ चालली असेल तर हा गिळणारा गडी आहे. त्याच्यासाठी मान दगडावर ठेचायची (घरातला पाटा-वरवंटा नको, वेगळा दगड ठेवा) आणि मांसात मिसळायची. लॅब्रेडॉर बहुतेक या जातीत मोडतात.

काळीज शेवटी, तेही चिमूटभरापासून. पहिल्यांदाच वाटीभर काळीज घातलं की रात्री दाराबाहेर काय होतं ते विचारू नका.

आठवड्याची मांडणी

वीस किलोचा गावठी कुत्रा धरू. रोज अडीच टक्क्यांनी अर्धा किलो, म्हणजे आठवड्याला साडेतीन किलो. आपल्याकडं माना कातडं काढून मिळतात, तशी मान साधारण निम्मी हाड असते. पायात हाड साठ टक्क्यांच्या आसपास. त्यावरून:

माना अर्धा किलो, पाय चार-पाच (नखं उडवून). यात आठवड्याचं हाड आलं.
पेटा आणि हृदय एक किलो.
बिनहाडाचं मांस ६०० ग्रॅम: सांगाड्यावरून सोलून घेतलेलं, किंवा मटणवाल्याकडचे कडेचे तुकडे (ते शिजवून).
वजडी ४०० ग्रॅम, उकळलेली.
तारली ३०० ग्रॅम, दोन दिवसांत विभागून.
अंडी चार.
काळीज १७५ ग्रॅम: एका आठवड्यात कोंबडीचं कच्चं, दुसऱ्यात बकऱ्याचं शिजवलेलं.
गुर्दा किंवा तिल्ली १७५ ग्रॅम, शिजवलेली.

दहा किलोच्या कुत्र्याला याच्या निम्मं. ग्रॅमला ग्रॅम जुळवत बसू नका, पण पहिला महिना तरी काटा वापरा; डोळ्यांचा अंदाज सुरुवातीला फार फसवा असतो.

वैविध्याचा अर्थ रोज नवं ताट असा नाही. एकाच पदार्थात नसलेलं दुसऱ्यात मिळावं म्हणून ते. कोंबडीत जस्त कमी, ते मेंढीच्या मांसात जास्त. बकऱ्याच्या काळजात तांबं कोंबडीच्या काळजापेक्षा पुष्कळ. मासे सगळ्यांत वेगळे. म्हणून कोंबडी स्वस्त आहे तर कोंबडीच, असं वर्षभर करू नये, महिन्यातून निदान काही दिवस मेंढी-बकऱ्याकडं वळा. याउपर ई जीवनसत्त्व, आयोडीन, मँगनीज अशा गोष्टी या मांडणीत कमीच पडतात, तेव्हा सहा महिन्यांनी डॉक्टरांना यादी दाखवून एखादी पूरक पावडर घ्यायची का ते विचारा.

भाकरीचं काय

कच्च्या आहाराचे कट्टर लोक धान्याला शिवू देत नाहीत. मला ते पटत नाही. कुत्रा लांडगा राहिलेला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. आपल्या गावांतली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जोंधळ्याच्या भाकरीवर आणि ताकावर जगली. नुसत्या भाकरीवर ती खंगली, हेही तितकंच खरं.

तेव्हा महिन्याच्या शेवटी खिसा हलका झाला, तर मांसाचा पाव हिस्सा कमी करून त्या जागी भाकरी, नाचणीची आंबील किंवा मऊ भात घाला. बिनमिठाची. काळीज आणि हाड मात्र कमी करू नका, ते तसंही स्वस्त आहे. तांबडा भोपळा, गाजर, पालक उकडून, कुस्करून दोन चमचे. चमचाभर दही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कधीच नाही, आणि पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्याचा डबाही त्याच्यापासून वर ठेवा, साखरच ती.

फ्रिज, ओटा, हात

आठवड्याचं सामान आणलं की त्याच दिवशी रोजचे डबे भरा. वर वार लिहा. दोन दिवसांचं खाली, बाकी बर्फाच्या कप्प्यात. वितळायला रात्री खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवायचं, ओट्यावर उघडं नाही. वीज गेल्यानं पूर्ण वितळून कोमट झालेलं असेल तर परत गोठवू नका, आणि वास आला तर मोह सोडा.

सुरी, पाट, डबे कुत्र्याचे वेगळे. ताटली स्टीलची, प्लॅस्टिकच्या चरांत जंतू राहतात. जेवण अंगणातल्या फरशीवर, नेहमी एकाच जागी, पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं उचलायचं, मग फरशीवर कढत पाणी आणि साबण. आपले हात साबणानं चोळून. जेवल्यावर तासभर कुत्र्यानं लेकरांची तोंडं चाटायची नाहीत.

घर शाकाहारी असेल, आणि आपल्याकडं अशी घरं खूप आहेत जिथं कुत्रा मात्र लाडका आहे, तर घरातल्यांच्या मनाविरुद्ध फ्रिजमध्ये मांस ठेवून भांडण ओढवू नका. एक दिवसाआड दुकानातून आणून परसात लगेच घालणं जमतं का बघा. नाहीच जमलं तर अंडी, दही, आंबील यांच्या जोडीला पाकिटातलं चांगलं अन्न. कुत्रा त्यावरही छान जगतो.

शी बघा, वजन बघा

आहार बरोबर चाललाय का, हे रोज सकाळी कळतं. घट्ट, कमी वास असलेली शी म्हणजे ठीक. पांढरी, खडूसारखी कोरडी आणि कुंथून होत असेल तर हाड जास्त: दोन दिवस माना बंद, भोपळा वाढवा. काळपट, पातळ, चिकट असेल तर काळीज जास्त किंवा फार लवकर वाढवलंत. काळी कुळकुळीत डांबरासारखी होत राहिली, रक्त दिसलं, सारख्या उलट्या झाल्या, पोट टणक फुगलं, किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा आणि हाड दिलं होतं हे आवर्जून सांगा.

वजन पंधरवड्यानं. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजा करायचं. बरगड्या बोटांना लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत. वरून बघितलं की कंबर दिसावी. वाढत असेल तर दोन टक्क्यांकडं, घटत असेल तर तीनकडं.

श्रावण, मासेबंदी आणि गावाला जाणं

जून-जुलैचे दोन महिने कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तारली दिसली तरी महाग असते. या काळात अंडी वाढवा, आठवड्यातून एकदा धरणातला मासा घ्या. ऑगस्टनंतर पुन्हा तारलीकडं या. श्रावणात उलट होतं: लोक मांसाहार सोडतात, चिकनचा भाव उतरतो, पण छोट्या गावांतली दुकानं आठवड्यातून दोन-तीन दिवसच उघडतात. गणपतीच्या दिवसांतही तेच. दुकानदाराला विचारून ठेवा तो कधी उघडणार आहे, आणि त्याप्रमाणे डबे भरा. महावीर जयंती, गांधी जयंती अशा दिवशी दुकानं बंद असतात, आदल्या दिवशीच आणा.

कुत्र्याला चार दिवस कुणाकडं ठेवायचं असेल तर कच्चं जेवण त्यांच्या गळ्यात मारू नका. जाण्याआधी दोन-तीन दिवस बिनहाडाचं चिकन आणि काळीज शिजवून भातात कालवायला सुरुवात करा, टरफलाचं पीठ त्यातच घाला, आणि तेच डबे भरून द्या. परत आल्यावर पुन्हा कच्च्यावर यायला दोन दिवस घ्या, मान तिसऱ्या दिवशी.